लॅटिनचं व्याकरण संपवलं, तरी सीझरच्या एका वाक्याला अर्धा तास लागतो. पुढची पायरी कोणती?

तुम्ही लिहिलंय की प्राथमिक पुस्तक पूर्ण झालं, नामांचे पाचही वर्ग आणि क्रियापदांचे चारही वर्ग तोंडपाठ आहेत, पण खरा मजकूर उघडला की एकेका वाक्याला अर्धा तास जातो. मग पुन्हा व्याकरणच करावं का, असं विचारलंय.

माझं मत: नको. तो अर्धा तास व्याकरण कच्चं असल्यामुळे जात नाही. बहुधा तुम्ही वाक्य वाचत नसून सोडवताय. मीही तेच करायचो. आधी शेवटाकडे उडी मारून क्रियापद शोधायचं, मग कर्ता, मग कर्म, मग उरलेल्या शब्दांची कुठेतरी सोय लावायची. इंग्रजीतून लिहिलेल्या बऱ्याच पुस्तकांत हीच पद्धत शिकवतात. इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन जातं, त्यामुळे ते शेवटपर्यंत न मिळालं की तो वाचक कासावीस होतो, हे मी समजू शकतो. पण आपण मराठी माणसं क्रियापदाची वाट बघतच मोठी झालो. 'काल संध्याकाळी त्याने मला सगळ्यांसमोर' एवढं ऐकून आपण निवांत थांबतो, पुढे 'शिव्या दिल्या' येवो की 'मिठी मारली'. हे आपल्याला फुकटात मिळालेलं कौशल्य आहे आणि मी ते कित्येक महिने वापरलंच नाही. माझी वही अजून आहे. प्रत्येक वाक्यावर इतके बाण, की खालची अक्षरं दिसत नाहीत.

सीझरच्या गॉलवरच्या (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सवरच्या) युद्धवृत्तांतात, पहिल्या भागाच्या सातव्या प्रकरणाच्या सुरुवातीला हे वाक्य आहे: 'कायसारी कुम इद नुन्तियातुम एस्सेत, एओस पेर प्रोविन्कियाम नोस्त्राम इतेर फाकेरे कोनारी, मातूरात आब उर्बे प्रोफिकिस्की.' आता उडी न मारता डावीकडून चाला. सीझरला / जेव्हा / हे / कळवण्यात आलं / ते लोक / प्रांतातून / आपल्या / वाट / काढू / पाहताहेत / घाई करतो / शहरातून / निघायची. पहिले दोन शब्द पाहा. 'जेव्हा'च्याही आधी 'सीझरला' आलंय. इंग्रजीच्या सवयीने वाचणारा इथेच अडखळतो, कारण त्याच्याकडे 'जेव्हा' उंबऱ्यावरच यावा लागतो. आपण मात्र 'सीझरला जेव्हा हे कळलं' असं रोज बोलतो. पुढचं 'इद', म्हणजे 'हे', नुसती जागा धरून ठेवतं; 'हे' म्हणजे नेमकं काय ते स्वल्पविरामानंतर कळतं.

त्या मधल्या तुकड्यात 'एओस' द्वितीयेत आहे आणि क्रियापद 'कोनारी' हे तुमन्तासारखं रूप आहे. व्याकरणाच्या पुस्तकात या रचनेवर एक अख्खं प्रकरण असतं. वाचताना एवढंच धरा: सांगणं, कळणं, वाटणं अशा अर्थाचं क्रियापद आलं आणि जवळपास द्वितीयेतलं नाम दिसलं, की मनात 'असं' म्हणायचं. 'ते वाट काढू पाहताहेत असं.' बस. आणखी एक गंमत, 'कोनारी' आणि 'प्रोफिकिस्की' ही दोन्ही दिसायला कर्मणी, अर्थाने कर्तरी. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर आत्मनेपद आठवेल आणि फारसं बिचकायला होणार नाही.

संस्कृत असेल तर आणखी एका ठिकाणी हात मिळतो. 'हिस रेबुस कोग्नितिस' ही सीझरची अगदी लाडकी सुरुवात आहे, दर काही पानांनी भेटते. पुस्तकं तिचा अर्थ 'या गोष्टी कळल्या गेल्या असता' असा लावायला लावतात. ही सरळ सति सप्तमी आहे, फक्त सप्तमीच्या जागी ॲब्लेटिव्ह, म्हणजे लॅटिनमधली साधारण आपल्या तृतीया-पंचमीचं काम करणारी विभक्ती. मराठीत 'हे कळल्यावर'. 'उर्बे काप्ता' म्हणजे 'शहर घेतल्यावर'. मी ज्या दिवशी 'असता' सोडून '-ल्यावर' म्हणायला लागलो, त्या दिवशी वेग जवळजवळ दुप्पट झाला.

आणि जो-तो! पहिल्याच भागाच्या बाराव्या प्रकरणात सीझर म्हणतो की हेल्वेती नावाच्या टोळीच्या ज्या गटाने पूर्वी रोमन लोकांवर मोठं संकट आणलं होतं, त्याच गटाला सगळ्यात आधी शिक्षा झाली. त्याची रचना अशीच आहे, 'क्वाए पार्स... एआ', 'जो भाग... तो'. इंग्रजी टिपा लिहिणारे इथे थांबून समजावत बसतात. तुम्ही पुढे जा.

पण मराठी सगळीकडे तारत नाही. विशेषण आणि नाम यांच्यामध्ये लॅटिन चार-पाच शब्द सहज घुसवतं. तिथे 'यल्लिङ्गं यद्वचनं' हा श्लोकच कामाला येतो: लिंग, वचन, विभक्ती जुळली की जोडी पक्की. विशेषण आलं की त्याचं नाम येईपर्यंत मनात एक खिडकी उघडी ठेवायची. दुसरी अडचण 'कुम' या छोट्या शब्दाची. 'कुम' हा 'सह' असू शकतो, 'जेव्हा' किंवा 'ज्याअर्थी'सुद्धा. पुढे ॲब्लेटिव्ह लागला तर बहुधा 'सह', नाहीतर क्रियापद येईपर्यंत निर्णय लांबणीवर टाकायचा. इथे घाई केलीत की सगळं वाक्य तिरकं जातं.

आता काय वाचायचं. माझी पहिली चूक सीझर लवकर उघडण्याची होती आणि दुसरी, तो जमत नाही म्हणून सिसेरो या रोमन वक्त्याच्या लांबलचक वाक्यांकडे जाण्याची. (कशाच्या जोरावर, देव जाणे.) आधी सोपं आणि भरपूर वाचा. डॅनिश शिक्षक हान्स ओर्बर्ग यांचं 'फामिलिया रोमाना' पहिल्या शब्दापासून लॅटिनमध्येच आहे, ३५ प्रकरणं. तुम्ही दुसऱ्या पुस्तकातून शिकला असलात तरी हे पहिल्या पानापासून वाचा. सुरुवातीची प्रकरणं पोरकट वाटतील. वाटू देत, तिथे फक्त डोळ्यांना सरळ चालायची सवय लावायची आहे. त्याचा दुसरा भाग ३६व्या प्रकरणापासून सुरू होतो आणि तिथली चढण एकदम उभी आहे; मी तिथे धापा टाकत परत फिरलो होतो. मध्ये काही महिने दुसरं वाचा.

त्या मधल्या काळासाठी माझी पसंती एउत्रोपिउस. चौथ्या शतकात व्हॅलेन्स या रोमन बादशहासाठी त्याने रोमचा संस्थापक रोम्युलस याच्यापासून आपल्या काळापर्यंतचा इतिहास दहा छोट्या भागांत लिहिला. वाक्यं आखूड, मजकूर खरा, आणि माणसं लढतात-मरतात भराभर, त्यामुळे कंटाळा येत नाही. जेरोमचं लॅटिन बायबलही वेग वाढवायला उत्तम आहे, विशेषतः कथा आधीच माहीत असेल तर. फक्त एक लक्षात ठेवा: तिथे 'असं'वाली द्वितीयेची रचना बऱ्याचदा टाळून 'क्वोद', म्हणजे चक्क 'की', वापरलेला असतो. नुसतं तेच वाचून सीझरकडे गेलात तर पुन्हा ठेच लागेल. फाएद्रुसच्या बोधकथा पद्यात आहेत, पण छोट्या. लांडगा आणि कोकराची पहिलीच कथा 'त्याच ओढ्यावर' अशी सुरू होते, मग लांडगा आणि कोकरू, मग 'आले होते', आणि शेवटी 'तहानेने व्याकूळ होऊन'. जवळजवळ आपली आजी सांगेल त्याच क्रमाने.

शब्दसंग्रहाबद्दल स्पष्ट बोलतो, कारण खरा अडथळा बहुतेकदा हाच असतो. सगळ्यात जास्त वापरातले हजारएक शब्द आले तर साधारण मजकुरातले सत्तर टक्क्यांच्या आसपास शब्द ओळखीचे होतात. ऐकायला छान वाटतं, पण याचा अर्थ दर दहातले तीन शब्द परके. तसं कोणी वाचू शकत नाही, मराठीतही नाही. म्हणून सोप्या मजकुराची पानंच्या पानं वाचणं हाच उपाय. याद्या पाठ करून मला तरी फार काही मिळालं नाही.

एक अपवाद आहे आणि तो कंटाळवाणा आहे. क्रियापदांची चार मुख्य रूपं पाठ करा. 'तुलित' हे 'फेरो'चं आणि 'सुस्तुलित' हे 'तोल्लो'चं रूप आहे हे ठाऊक नसेल तर शब्दकोशात तासभर हिंडाल. व्याकरणातलं पुन्हा करण्यासारखं मला एवढंच वाटतं. प्रत्येक शब्दावर टिचकी मारली की अर्थ दाखवणारी संकेतस्थळं मदत करतात, पण त्यांचं व्यसन लागतं. मी नियम केला: आधी परिच्छेद शेवटपर्यंत वाचायचा, मग टिचकी.

आणि ओळींच्या मध्ये मराठी अर्थ लिहू नका. लिहिलात की पुढच्या वेळी डोळे मराठीच वाचतात. अर्थ वहीत वेगळा लिहा. परिच्छेद आज अडखळत वाचा, उद्या कोश न उघडता, परवा मोठ्याने. हे परवाचं वाचन बहुतेक जण गाळतात, तेच मी कधी गाळत नाही. नवी वाक्यं मला तिथेच 'ऐकू' यायला लागली.

सीझरकडे वळाल तेव्हा पहिल्या पानापासून सुरू करायची सक्ती नाही. चौथ्या भागाचं पंचविसावं प्रकरण घ्या: ब्रिटनच्या किनाऱ्यावर खोल पाणी बघून सैनिक उतरायला कचरतायत, आणि दहाव्या सैन्यदलाचा ध्वजवाहक 'उड्या मारा' म्हणत स्वतः उडी घेतो. मग पाचव्या भागाचं चव्वेचाळिसावं. पुल्लो आणि वोरेनुस हे दोन शतनायक एकमेकांवर जळतात आणि शेवटी एकमेकांचाच जीव वाचवतात. दोघांत जास्त शूर कोण, हे ठरवता येणार नाही असं म्हणून सीझर मोकळा होतो. मी वोरेनुसच्या बाजूने आहे. वाचून झालं की तुमचं मत खाली लिहा.