दोरकामाला हात घालण्यापूर्वी

तुमच्या शिडाच्या जहाजाच्या मॉडेलचं हल (जहाजाचं धड) आणि डेक छान जमलंय, आता डोलकाठ्या-शिडांच्या दोरकामाला घाई नको. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- आधी डोलकाठ्या तोलून धरणारे स्थिर दोर, काळपट आणि जाड. शिडं हलवणारे फिकट, बारीक दोर त्यानंतर. क्रम उलटला तर आतल्या गाठींपर्यंत चिमटा पोचत नाही.
- सुती दोरा नको. त्याला लव असते आणि पुण्याच्या पावसाळ्यात ताण बदलतो. तुळशीबागेत मिळणारा पॉलिएस्टर दोरा मेणावरून दोनदा ओढून घ्या.
- इन्स्टंट ग्लूने दोरा कडक होतो, पांढरे डाग पडतात. गाठीवर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा थेंब पुरतो.

सगळ्यात जास्त बिघडतो तो ताण. एका बाजूचे सगळे दोर आधी आवळले की काठी तिकडे झुकते. म्हणून डावी-उजवी जोडी आलटून-पालटून बांधा, दोर फक्त सरळ दिसेल इतकाच ताणा आणि प्रत्येक जोडीनंतर समोरून पाहा. डोलकाठीवर चढायच्या दोरशिडीच्या आडव्या दोऱ्या १:१०० प्रमाणात साधारण ४ मिमी अंतरावर येतात. अंतर सारखं राहावं म्हणून मागे रेघा मारलेला कागद ठेवा.

खलाशी सर्वांत शेवटी. १:१०० ला माणूस सुमारे १७ मिमीचा. त्याहून उंच बाहुल्यांनी अख्खं जहाज खेळण्यासारखं दिसतं. आधी रंगवा, मग चिकटवा. डेकभर विखुरण्यापेक्षा एका तोफेभोवती चार-पाच जण कामात गुंतलेले दाखवा, फार जिवंत वाटतं.