रिकामी प्लेट नको, आणि पातेलंही नको

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या ताईंचं चार पानी पत्र आलंय आणि त्यात पाच प्रश्न आहेत: मुलाच्या तोंडचं 'स्वीट अ‍ॅज', सासूबाईंना न पटणारा घामाचा ख्रिसमस, नवऱ्याला ऑफिसात सुचत नसलेल्या गप्पा, शाळेतला 'मुफ्ती डे' आणि शेजारणीचं आमंत्रण. ताई, आधी आमंत्रणाचं बघू. या देशात माणसं जोडली जातात ती खाण्याच्या टेबलाशी, हे माझं जुनं पालुपद आहे आणि ते मी आजही आळवणार.

तुम्ही लिहिता, "शेजारीण म्हणाली, शनिवारी एक वाजता बार्बेक्यू आहे, ब्रिंग अ प्लेट. बिचारीकडे प्लेटा कमी असतील म्हणून मी सहाचा सेट धुवून ठेवलाय. मुलगा मात्र हसतोय."

हसू द्या त्याला, त्याचं बरोबर आहे. न्यूझीलंडात प्लेट म्हणजे भरलेली प्लेट. पूर्वी गावच्या हॉलमधल्या कार्यक्रमांच्या जाहिरातीत 'लेडीज, अ प्लेट' असं छापत, म्हणजे बायकांनी खाऊ आणायचा. आपली अंगतपंगतच ती! फरक एवढाच की त्यांनी शब्दांत काटकसर केली आणि आपण घोळ घातला.

पण रिकामी प्लेट नेण्याची चूक माणूस एकदाच करतो. दुसरी चूक आपण वर्षानुवर्षं करतो. पाच लिटरचा कुकर भरून पुलाव नेतो. चार माणसांचं कुटुंब असेल तर सहा ते आठ जणांना चाखता येईल एवढं एकच ताट पुरे. सगळ्यांना पोटभर वाढण्याची जबाबदारी तुमची नाही. तिथे लोक उभ्याने खातात, एका हातात कागदी प्लेट, दुसऱ्यात पेला. ज्याला वाटी, चमचा किंवा मायक्रोवेव्ह लागतो ते घरीच ठेवा. साबुदाणा वडाही नको. गार झाला की चिवट होतो, शिवाय त्यात दाण्याचं कूट.

कूट हा इथला गंभीर विषय आहे. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं एखादं मूल टेबलाशी असू शकतं आणि आपला हात सवयीने कुटाच्या डब्याकडे जातो. म्हणून मी कोथिंबीर वडी सुचवते, तिळाची. चार कप चिरलेली कोथिंबीर, दीड कप बेसन, पाव कप तांदळाचं पीठ, दोन मोठे चमचे तीळ, आलं-लसूण, हळद, मीठ आणि घरी घालता त्याच्या निम्म्या मिरच्या. कोथिंबीर आदल्या रात्री धुऊन पंचावर पसरा. ती ओली राहिली की मीठ लागताच आणखी पाणी सोडते, पीठ सैल होतं आणि वडी तव्यावर फुटते. पाणी अर्ध्या कपापेक्षा जास्त लागू नये. वीस मिनिटं वाफवा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी कापून कमी तेलात परता. गरम असताना कापलीत तर सुरीला चिकटून भुगा होतो. तीसेक वड्या होतील.

नेताना गरम वड्या फॉइलखाली घट्ट बंद करू नका. माझ्या जावेने केल्या होत्या, पोचेपर्यंत वाफेने ओल्या लिबलिबीत. ताटात पेपर टॉवेल घाला आणि झाकण तिरकं ठेवा. वर चिठ्ठी लावा: व्हेज, शेंगदाणे नाहीत, दूध नाही. बेसन-तांदूळ असल्याने 'ग्लूटेन फ्री' लिहायचा मोह होईल, पण आधी हिंगाची डबी वाचा. बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. तो शब्द लिहायचाच असेल तर हिंग वगळा.

श्रीखंड न्यायचंच असेल तर 'चिली बिन'मध्ये, म्हणजे बर्फाच्या पेटीत न्या. बर्फाच्या पिशव्या डब्याच्या वर ठेवा, थंड हवा खाली उतरते. पेटीबाहेर एकूण दोन तासांपर्यंत राहिलं तर परत फ्रीजमध्ये चालतं. दोन ते चार तास झाले असतील तर तिथेच संपवा. चार तासांवर गेलं की टाका, कितीही जीव तुटला तरी.

आमंत्रणात 'बी वाय ओ मीट' असेल तर भाजायचं तुमचं तुम्ही न्यायचं. शाकाहारी असाल तर पनीर, मक्याची कणसं आणि कुमारा, म्हणजे आपलं रताळं. ते घरी दहा मिनिटं उकडून न्या, नाहीतर बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. बार्बेक्यूच्या त्याच तापल्या पत्र्यावर सॉसेजची चरबी वाहत असते, तेव्हा स्वतःचा फॉइलचा ट्रे न्या आणि कोपरा आधीच मागून घ्या. कोणी वाईट मानत नाही.

आणि आग्रह करू नका! कोणी 'येह, नाह, आय'म गुड' म्हणालं तर ते नाहीच असतं. आधीचा 'येह' तुमचा मान राखण्यापुरता असतो. आपल्याकडे पाहुणा तीनदा नाही म्हणतो आणि चौथ्यांदा घेतो. इथे तिसऱ्या आग्रहाला माणूस बाग बघायला निघून जातो. आमच्या घरी हे समजायला दोन उन्हाळे गेले. निघताना आपली प्लेट आपण उचलायची. म्हणून तळाशी टेपवर नाव लिहा, पांढऱ्या प्लेटा सगळ्या सारख्याच दिसतात.

आता उरलेलं. 'स्वीट अ‍ॅज' म्हणजे छान, ठीक आहे. 'अ‍ॅज' नंतर काही यायचं राहिलेलं नसतं, त्यामुळे मुलाचं व्याकरण सुधारत बसू नका. 'मुफ्ती डे'ला शाळेत गणवेशाऐवजी साधे कपडे घालतात आणि हा शब्द इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेतून आलाय, हे मुलाला सांगा, भाव खाईल. 'कम फॉर टी' म्हटलं तर बहुधा रात्रीचं जेवण असतं, उपाशी जा.

सासूबाई म्हणतात, "बर्फाशिवाय कसला नाताळ?" त्यांना डिसेंबरात लाल फुलांनी भरलेला पोहुतुकावा दाखवा. त्या दिवसांत अंधार पडायला रात्रीचे नऊ वाजतात, फिरायला भरपूर वेळ. टोपी आणि सनस्क्रीन मात्र लावा. आपण सावळे म्हणून इथलं दुपारचं ऊन सोडत नाही. 25 डिसेंबरला कायद्यानेच बहुतेक दुकानं बंद असतात, दूध आणि त्यांची औषधं 24 ला आणून ठेवा. सोबत सांगून ठेवा की पाव्हलोव्हा केकमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो आणि मार्शमॅलोत बहुधा जिलेटिन. 'लॉली स्क्रॅम्बल'ला बिचकू नका. मुलांवर गोळ्या उधळायच्या आणि त्यांनी त्या लुटायच्या, म्हणजे बोरन्हाणच की! जानेवारीत तुमच्याकडे कोणाचं असेल तर शेजाऱ्यांना बोलवा, काही समजावून सांगावं लागणार नाही.

तुमच्या यजमानांना ऑफिसात विषय हवाय ना? मुंबईत जन्मलेल्या एजाझ पटेलने 2021 साली वानखेडेवर भारताचे एका डावातले दहाच्या दहा गडी बाद केले, न्यूझीलंडकडून खेळताना. 'तेव्हा तू कोणाच्या बाजूने होतास?' हा प्रश्न येणारच. उत्तर तयार ठेवा, आणि हातात वडीची प्लेट.