निखिलच्या तीन ताटल्या

"मॅडम, आम्ही आहोत तोवर ठीक आहे. आमच्यानंतर ह्याचं कसं होणार?"

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाची शाळा संपते, अठरावं सरतं, आणि जवळजवळ प्रत्येक घर हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतं. निखिलचे (नाव बदललं आहे) आईबाबा आले तेव्हा तो 23 वर्षांचा होता. घर पुण्यात पेठेतलं, बाबा नुकतेच निवृत्त झालेले, मोठी बहीण लग्न होऊन चिंचवडला. बाबांच्या हातात जाडजूड फाइल होती. दिव्यांग प्रमाणपत्र, स्वावलंबन कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), 'निरामय' आरोग्यविम्याचे कागद, सगळं तारीखवार लावलेलं. त्यांना कायदेशीर पालकत्वाबद्दल विचारायचं होतं.

ते मी सांगितलं. मूल 18 वर्षांचं झालं की कायद्यानं सज्ञान होतं आणि आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत, हे बऱ्याच जणांना बँकेच्या खिडकीपाशीच कळतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम येतो. त्याखाली जिल्हाधिकारी ज्या स्थानिक समितीचे अध्यक्ष असतात, तिच्याकडे अर्ज करून पालक नेमून घेता येतो. बाबांनी सगळं टिपून घेतलं.

एवढा वेळ निखिल कोपऱ्यातल्या खुर्चीवर शर्टाची बाही दुमडत होता. कडेला कड जुळवायचा, उलगडायचा, पुन्हा दुमडायचा. रोज सकाळी तो एका कार्यशाळेत पणत्या रंगवायला जायचा. मी विचारलं, "निखिल, कार्यशाळेत जायला आवडतं?"

"हो."

"की नाही आवडत?"

"हो."

आईनं लगेच मोबाइल पुढे केला. निखिलनं रंगवलेल्या पणत्यांचे फोटो होते. "किती सुरेख करतो बघा. खूश असतो तिथे. एकही मित्र नाही, तेवढंच वाईट वाटतं."

त्या दिवशी माझी एक चूक झाली. जगण्याच्या गुणवत्तेची प्रश्नावली मी त्याच्या वतीनं आईकडून भरून घेतली. झोप, मित्र, काम, समाधान, सगळ्यावर खुणा झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत जगण्याची गुणवत्ता म्हणजे त्या माणसाला स्वतःला आपलं जगणं कसं वाटतं ते. माझ्या कागदावर तर आईला काय वाटतं तेवढंच उतरलं होतं. प्रमाणपत्रासाठी वापरतात त्या 'इसा' चाचणीत 40 मुद्दे आहेत. ऑटिझम किती तीव्र आहे ते त्यांतून ठरतं, पण माणूस सुखात आहे का, हे त्यातला एकही मुद्दा विचारत नाही.

पुढच्या खेपेला मी आईला निखिलच्या रोजच्या दिवसाचे फोटो छापून आणायला सांगितले. टेबलावर स्टीलच्या तीन ताटल्या मांडल्या : 'आवडतं', 'चालतं', 'नको'. पहिल्या दिवशी त्यानं सगळे फोटो 'आवडतं'मध्ये टाकले. ती ताटली त्याच्या सर्वांत जवळ होती! नंतर मी ताटल्यांच्या जागा बदलत गेले, तेच फोटो वेगवेगळ्या दिवशी पुन्हा दिले. चौथ्या-पाचव्या भेटीपासून उत्तरं स्थिर व्हायला लागली.

पणत्या 'नको'मध्ये गेल्या. त्यानंतर तीनही वेळा.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कार्यशाळेतून आला की बोटं घासत बसतो. मी त्वचेचं मलम लावायचे." ओला रंग बोटांना लागला की त्याला सोसवत नव्हता. तीन वर्षं तो दर सकाळी मुकाट्यानं डबा घेऊन निघत होता. न भांडणारं मूल सुखात आहे असं आपण धरून चालतो. हे मी माझ्यासकट सगळ्यांबद्दल म्हणते.

वाढदिवसाची पार्टीही 'नको'त होती. 'आवडतं'मध्ये मात्र कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका होते. रोज संध्याकाळी निखिल त्यांच्या टपरीशी अर्धा तास उभा राहायचा आणि लोक बघतात म्हणून आई त्याला ओढून घरी न्यायची. काका त्याला नावानं हाक मारत, तो आला नाही तर चौकशी करत. मित्र आणखी कसा असतो?

काकांशी बोलायला बाबा स्वतः गेले. आता निखिल रोज दोन तास तिथे इस्त्री झालेल्या शर्टांच्या घड्या घालतो. शनिवारी ठरलेले पैसे त्याच्या हातात मिळतात. पैशांचा आग्रह माझा होता. नुसतं गुंतवून ठेवण्यासाठी दिलेल्या कामाला मी काम म्हणत नाही. सुरुवातीला अडलंही. एका सोमवारी टपरी अचानक बंद निघाली आणि तो तासभर फळी बडवत राहिला. तेव्हापासून काका सुट्टी आदल्या दिवशी सांगतात आणि निखिल घरी कॅलेंडरवर फुली मारतो.

"पण आमच्यानंतरचं?" बाबांनी परत विचारलंच. विचारणारच. पालकत्वाच्या अर्जात त्यांनी मुलीचं नाव घातलं आहे. फाइलबरोबर आता एक वहीही आहे. तिच्यात निखिल स्वतः ताटल्यांतले फोटो चिकटवतो आणि शेजारी आई लिहिते : ओला रंग नको. कुकरची शिट्टी होण्याआधी सांगावं. घड्या घालताना मध्ये बोलू नये. ही वही ताईसाठी आहे.

ताईकडे राहायची सवय मात्र आईबाबा धडधाकट असतानाच लागायला हवी. पहिल्या रात्री तो तीन वाजेपर्यंत जागा होता. दुसऱ्या खेपेला स्वतःची चादर नेली आणि साडेबाराला झोपला. तिसरी खेप गणपतीत ठरवली आहे. पेठेतल्या घराखालीच मांडव असतो, ढोल सुरू झाले की निखिल उशीखाली डोकं घालून बसतो, आणि ताईच्या सोसायटीत आरती तेवढी होते.