मंडळाला नुसती पत्रकं वाटायला बोलावलंय, जाऊ का?

प्रश्न : ताई, आम्ही मँचेस्टरजवळ राहतो आणि मी इथल्या मराठी मंडळाचं काम बघते. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या स्क्रीनिंगवर रिसर्च करणारी एक टीम म्हणतेय की तुमच्या लोकांपर्यंत आमची पत्रकं पोचवा. आणि इकडे घरात सासऱ्यांना (वय 68, तरुणपणापासून सिगारेट) तपासणीचं पत्र आलंय ते त्यांनी कपाटात टाकून दिलंय. "काही निघालं तर? नकोच ते," म्हणतात. आमच्यासारख्यांचा अशा रिसर्चमध्ये खरंच काही उपयोग असतो का?
– एक सून, मँचेस्टर

उत्तर : असतो, भरपूर असतो. फक्त पत्रक छापून झाल्यावर बोलावलं तर आपण पोस्टमनच होतो, त्यामुळे टीमला सरळ सांगा की छापायच्या आधी बोलवा, कुणाला बोलवायचं, कुठे बोलवायचं, काय विचारायचं हे ठरतंय तेव्हाच बोलवा.

कुठे बोलवायचं याने किती फरक पडतो ते तुमच्याच शहरात दिसलंय. 2016 साली मँचेस्टरच्या गरीब वस्त्यांमध्ये शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये सीटी स्कॅनची गाडी उभी केली, 55 ते 74 वयाच्या, कधी ना कधी सिगारेट ओढलेल्या लोकांना बोलावलं, आणि कॅन्सर तपासणी न म्हणता फुप्फुसाची हेल्थ चेक म्हटलं. अडीच हजारांवर लोक आले. नर्स किती वर्षं ओढली, घरात कुणाला होता का हे विचारायची, फुंकर मारून श्वास मोजायची, धोका जास्त वाटला तर तिथल्या तिथेच स्कॅन. पहिल्या फेरीत 1,384 जणांचं स्कॅन झालं, 42 जणांना कॅन्सर निघाला आणि त्यातला साधारण 80 टक्के सुरुवातीच्याच स्टेजचा होता, म्हणजे ऑपरेशन करून बरं व्हायची चांगली आशा असलेला. सासऱ्यांच्या "काही निघालं तर" ला उत्तर हेच आहे, लवकर निघालं तर करण्यासारखं खूप असतं. त्यांना धाक घालू नका, एवढंच सांगा की स्कॅन काही मिनिटांचं असतं, इंजेक्शन नाही, आडवं व्हायचं आणि सांगितलं की श्वास रोखायचा.

दुसरी बाजूही त्यांना सांगाच, लपवू नका. अमेरिकेत 53 हजारांवर लोकांवर मोठी ट्रायल झाली, 2011 मध्ये निकाल आला, साध्या एक्स-रेपेक्षा कमी डोसच्या (कमी किरणांच्या) सीटीने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी झाले. पण त्याच ट्रायलमध्ये ज्यांच्या स्कॅनमध्ये काहीतरी दिसलं त्यांतल्या 100 पैकी 95 हून जास्त जणांना कॅन्सर नव्हताच. आता गाठीचं आकारमान मोजून काही महिन्यांनी परत स्कॅन करतात त्यामुळे उगाच होणारी धावपळ बरीच कमी झालीये, तरी ते मधले महिने माणूस झोपत नाही हे खरंय. हे आधी सांगितलेलं असलं की माणूस पुढच्या फेरीलाही येतो, नाहीतर फसवलं म्हणून कायमचा तुटतो.

आणि एक गोष्ट जी टीमला सुचणार नाही पण तुम्हाला लगेच कळेल. सासरे तुमच्यासमोर सिगारेटचा खरा आकडा सांगणार आहेत का? सून दुभाषी म्हणून शेजारी बसलीये आणि नर्स विचारतेय दिवसाला किती, ते म्हणणार "दोन-तीन", आणि धोक्याचा हिशोबच चुकणार, स्कॅनला नंबर लागायचा तो लागणारच नाही. म्हणून भाषेची अडचण असेल तर एनएचएसचा (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा) दुभाषी मागा, तो फुकट मिळतो, आणि तुम्ही बाहेर बसा. गावाकडे ओढलेल्या विड्या फॉर्ममध्ये कुठे लिहायच्या, बायकांनी आयुष्यभर लावलेली मिशेरी विचारात घेणार का, हेही टीमला विचारा. हे प्रश्न आपल्यातलंच माणूस विचारणार, दुसरं कोण विचारेल?

नियम ठरवताना सगळे लोक मोजलेले नसले की काय होतं ते अमेरिकेत दिसलं. त्या मोठ्या ट्रायलमध्ये कृष्णवर्णीय लोक 5 टक्केसुद्धा नव्हते, आणि 2013 ला स्कॅन कुणाचं करायचं याचा नियम आला की वय 55 ते 80 आणि किमान 30 पॅक-इयर (रोज एक पाकीट असं वर्षभर म्हणजे एक). मग दक्षिणेकडच्या राज्यांतला एक मोठा अभ्यास 2019 मध्ये छापून आला, त्यात बहुतेक लोक वस्तीतल्या सरकारी मदतीच्या दवाखान्यांतून घेतले होते म्हणून खरं चित्र दिसलं. सिगारेट ओढणाऱ्या गोऱ्यांपैकी 31 टक्के त्या नियमात बसत होते, कृष्णवर्णीयांपैकी फक्त 17 टक्के, कारण ते दिवसाला कमी ओढतात, पण कॅन्सर मात्र कमी वयात होतो. 2021 ला नियम बदलून वय 50 आणि 20 पॅक-इयर केलं. मधल्या आठ वर्षांत किती जण दारातूनच परत गेले असतील याचा विचार करून मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा मंडळाच्या वतीने जा, पण प्रवासखर्च आणि वेळेचं मानधन मागा, तिथे ते देण्याची पद्धत आहे, संकोच नको. आणि निकाल लागले की मंडळात येऊन मराठीत सांगायचे, हे आधीच कबूल करून घ्या.

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यात आशा आहे. आमच्याकडे विडी ओढणारे खूप, खोकणारे खूप. असं स्कॅनिंग आपल्या गावात का नाही?
– एक आशाताई

उत्तर : ताई, तुमच्या जिल्ह्याने आख्ख्या जगाला स्क्रीनिंग शिकवलंय, आधी ते ऐका. 1999 पासून बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास केला, 52 गटांतली गावं, 1,31,746 बायका. घरोघर फिरून बोलावणाऱ्या बायका नसत्या तर तो झालाच नसता. 2009 ला निकाल आला, एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची तपासणी) त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. मात्र तुलनेसाठी ज्या गटाला तपासणी दिलीच नाही त्याच्यावरून नंतर मोठा वाद झाला, आणि मला तो वाद रास्त वाटतो. पुढे कुणी गावात रिसर्च घेऊन आलं तर पहिला प्रश्न हाच विचारा, आमच्यातल्या कुणाला काय मिळणार नाही आणि का, आणि ज्याला काही निघेल त्याचा उपचार कोण करणार.

फुप्फुसाचं म्हणाल तर आपल्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कॅन्सर आहेत, फुप्फुस नाही. आपल्याकडे टीबीचे जुने डाग इतक्या जणांच्या छातीत आहेत की सरसकट स्कॅन केलं तर निष्कारण घाबरलेल्यांची रांग लागेल. शिवाय चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या, कधीच विडी न ओढलेल्या बायकांनाही हा कॅन्सर होतो, त्या परदेशातल्या बहुतेक नियमांत बसतच नाहीत. तैवानने 2022 पासून जवळच्या नातेवाइकाला झालेला असेल तर न ओढणाऱ्यांनाही घेतलं, आपल्याकडेही त्या दिशेने अभ्यास व्हायला हवा आणि त्यात तुमच्यासारख्या पहिल्या दिवसापासून हव्यात.

तोवर तुमच्या हातात आहे ते करा. एक्स-रेवर डाग दिसला, थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी टीबीचं औषध सुरू झालं आणि दीड-दोन महिन्यांत खोकला, वजन काहीच सुधारत नाहीये, असा माणूस दिसला की गप्प बसू नका, डॉक्टरांना "सीटी करायचा का?" असं विचारा. थुंकीतून रक्त पडत असेल, आवाज बसून तीन आठवडे झाले असतील तर तेवढीही वाट बघू नका, त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात पाठवा आणि जमलं तर त्याच्यासोबत घरातलं कुणीतरी द्या.