‘अष्टपैलू’ कोणाला म्हणावे? टूटिंगचा फुटबॉलपटू आणि न कापलेला हिरा

एका वाचकाने विचारले आहे की, वेस्ट हॅम युनायटेड या लंडनच्या क्लबचे माजी फुटबॉलपटू मिखाईल अँटोनिओ यांच्यावरील एका मराठी लेखात त्यांना ‘हौशी फुटबॉलमधून वर आलेला अष्टपैलू खेळाडू’ म्हटले आहे. तर ‘अष्टपैलू’ हा शब्द क्रिकेटसाठी राखीव नाही का, आणि इंग्लंडमध्ये ज्याला नॉन-लीग म्हणतात त्यासाठी ‘हौशी’ हा शब्द योग्य आहे का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. दुसरा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी संपवतो. १८८८ साली स्थापन झालेल्या फुटबॉल लीगला इंग्लंडमधील लोक नुसतेच ‘लीग’ म्हणत आले, आणि त्या चौकटीबाहेरचे जे काही होते ते सारे नॉन-लीग ठरले. आज प्रीमियर लीगचे २० आणि त्याखालील तीन श्रेणींचे ७२ असे ९२ संघ या चौकटीत आहेत. गंमत अशी की, बाहेरच्या स्पर्धांची नावेही नॅशनल लीग, सदर्न लीग, इस्थमियन लीग अशीच आहेत, म्हणजे लीगमध्ये खेळूनही माणूस नॉन-लीगच राहतो. या मंडळींना ‘हौशी’ म्हणण्याची आपल्या क्रीडापानांना जडलेली सवय मला फार खटकते, कारण हौशी आणि व्यावसायिक हा अधिकृत भेद तेथील फुटबॉल संघटनेने १९७४ साली मोडीत काढला. नॉन-लीग खेळाडूला बहुधा मानधन मिळते, फक्त त्यावर घर चालत नाही. पुढे इंग्लंडचे कर्णधारपद भूषविलेले स्टुअर्ट पीअर्स १९८३ साली कॉव्हेंट्री सिटीकडे जाईपर्यंत वील्डस्टोन या नॉन-लीग संघाकडून खेळत होते आणि पोटासाठी वीजतंत्रीचे काम करीत होते; त्यांना हौशी म्हणणे हा त्यांच्या दोन्ही कामांचा अपमान आहे. तेव्हा ‘नॉन-लीग’ हा शब्द तसाच ठेवावा, पहिल्या उल्लेखात एका वाक्यात त्याचा अर्थ सांगावा आणि पुढे जावे.

आता ‘अष्टपैलू’. हा शब्द अँटोनिओ यांना कसा लागू पडतो, हे पाहण्यासाठी त्यांची कारकीर्द थोडी उलगडावी लागेल. दक्षिण लंडनमधील टूटिंग अँड मिचम युनायटेड हा तेव्हा इस्थमियन लीगमध्ये खेळणारा संघ. (या लीगचे नाव कॉरिंथजवळच्या प्राचीन ग्रीक क्रीडोत्सवावरून घेतले आहे आणि आरंभी तेथे विजेत्यांना चषक किंवा पदक न देण्याची प्रथा होती, कारण मान पुरेसा आहे असे त्यांचे ब्रीदवाक्य सांगत असे. ‘हौशी’ हे विशेषण खर्च करायचेच असेल तर ते त्या काळासाठी करावे.) अँटोनिओ तेथून २००८ साली रेडिंगकडे गेले, मग काही क्लबांना उसने दिले गेले, आणि शेफील्ड वेन्सडे व नॉटिंगहॅम फॉरेस्ट या मुक्कामांनंतर सप्टेंबर २०१५ मध्ये वेस्ट हॅमला पोहोचले. तोवर ते मैदानाच्या कडेने, म्हणजे बगलेतून, धावणारे खेळाडू म्हणून ओळखले जात. वेस्ट हॅममध्ये प्रशिक्षक स्लावेन बिलिच यांनी त्यांना उजव्या बचावपटूच्या जागेवरही उभे केले. ऑगस्ट २०१६ मध्ये हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, चेल्सीविरुद्ध, त्याच जागेवर खेळताना त्यांच्या फाउलमुळे चेल्सीला पेनल्टी मिळाली आणि एडन हॅझार्ड यांनी तिचा गोल केला. त्यानंतर आठवडाभरात बोर्नमथविरुद्ध त्यांनीच डोक्याने मारलेल्या चेंडूने लंडन स्टेडियम या वेस्ट हॅमच्या नव्या मैदानावरचा प्रीमियर लीगमधला पहिला गोल झाला. पुढे प्रशिक्षक डेव्हिड मॉयस यांनी त्यांना थेट आघाडीवर नेले. ११ जुलै २०२० रोजी त्यांनी नॉरिचच्या मैदानावर एकट्याने चार गोल केले, आणि २३ ऑगस्ट २०२१ रोजी लेस्टरविरुद्ध दोन गोल करून प्रीमियर लीगमध्ये वेस्ट हॅमसाठी सर्वाधिक गोल करण्याचा पाओलो दी कानिओ यांचा ४७ गोलांचा विक्रम मागे टाकला. ज्याला एकेकाळी बचाव फळीत उभे केले होते, त्याच्याच नावावर क्लबचा प्रीमियर लीगमधला गोलांचा विक्रम लागला.

‘अष्टपैलू’ हा क्रिकेटचा शब्द आहे, हा समज कसा झाला ते उघड आहे. बॅट आणि बॉल अशी दोन्ही कामे करणाऱ्याला इंग्रजीत जे म्हणतात त्यासाठी मराठी समालोचकांनी हा शब्द पकडला आणि इतका घासला की आता दहा धावा करून दोन षटके टाकणाराही अष्टपैलू ठरतो. तेथे मोजून दोन पैलू असतात. उरलेले सहा कोठे गेले, हे कोणी विचारीत नाही. त्यातही फरक असा की, क्रिकेटमधील अष्टपैलू दोन कसबे जाणतो, तर फुटबॉलमधील अष्टपैलू एकच कसब घेऊन मैदानाच्या वेगवेगळ्या बाजूंना उभा राहतो. आणि ‘पैलू’ या शब्दाचा मूळ अर्थ नेमका ‘बाजू’ हाच आहे. म्हणूनच माझे म्हणणे असे की, हा शब्द क्रिकेटपटूपेक्षा फुटबॉलपटूला अधिक शोभतो.

पैलू आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत ‘पहलू’ म्हणजे कूस, बाजू, बरगड्यांचा भाग. मध्य फारसीत त्याचे रूप ‘पहलूग’ असे होते, आणि त्याहून मागे गेले की अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या भाषेत बरगडीला ‘पेरेसु’ म्हणतात. इथे संस्कृत जाणणाऱ्या वाचकाचे कान टवकारले पाहिजेत, कारण वेदांत बरगडीला ‘पर्शु’ म्हटले आहे (हा पर्शु परशुरामाच्या हातातला नव्हे), आणि त्यापासून बरगड्यांची बाजू या अर्थाने ‘पार्श्व’ हा शब्द झाला. म्हणजे पैलू आणि पार्श्व ही सख्खी चुलत भावंडे आहेत. एक इराणच्या घरी वाढले आणि एक आपल्याकडे. आपल्याकडचे घराणेही काही लहान नाही : मराठीतील ‘फासळी’ त्यातलीच, आणि ‘माझ्यापाशी’, ‘दारापाशी’ यांतला ‘पाशी’ हा प्रत्ययासारखा वावरणारा शब्दही पार्श्वाचाच वंशज आहे. भाषाशुद्धीचे जे अभिमानी ‘अष्ट’ हे संस्कृत आणि ‘पैलू’ हे फारसी म्हणून या समासाला संकराचा दोष लावतात आणि त्याऐवजी ‘बहुआयामी’ सुचवतात, त्यांनी हे घराणे एकदा नीट पाहावे. त्यांना हवा असलेला निर्दोष संस्कृत समास ‘अष्टपार्श्व’ हा झाला असता, आणि ‘अष्टपैलू’ हा अक्षरशः तोच समास आहे. ‘बहुआयामी’बद्दल न बोललेले बरे, आयाम म्हणजे लांबी, आणि फुटबॉलपटूची लांबी मोजण्यात कोणाला रस आहे?

पण मला या शब्दात सर्वांत अधिक आनंद देणारी गोष्ट पुढे आहे, आणि ती म्हणजे ‘अष्ट’. पैलू सातही असू शकतात, दहाही असू शकतात. मग आठच का? कोशकार येथे बहुधा अष्टदिशा, अष्टावधान, अष्टप्रधान अशी माळ लावतात आणि आठ म्हणजे ‘पुष्कळ’ असे सांगून मोकळे होतात. हे मला मुळीच पटत नाही. गरुडपुराणात रत्नपरीक्षेचा एक भाग आहे. तेथे खाणीतून निघालेल्या उत्तम हिऱ्याचे लक्षण सांगताना त्याला सहा कोटी म्हणजे टोके, आठ पार्श्वे आणि बारा धारा असाव्यात, असे म्हटले आहे. हे काव्य नाही, हे निरीक्षण आहे. हिऱ्याचा नैसर्गिक स्फटिक बहुधा अष्टफलक असतो. म्हणजे चौकोनी तळाचे दोन पिरॅमिड तळाशी तळ लावून जोडले की जो आकार होतो तो, आणि त्याची टोके, बाजू व कडा मोजल्या तर अनुक्रमे सहा, आठ आणि बारा हेच आकडे येतात. ‘आठ पार्श्वे’ हा जुन्या रत्नपारख्यांचा शब्दप्रयोग होता. पार्श्वाच्या जागी त्याचे फारसी भावंड आले आणि आपल्याला ‘अष्टपैलू’ मिळाला, असा माझा तर्क आहे.

यावर हमखास घेतला जाणारा आक्षेप असा की, मराठीत पैलू ‘पाडावे’ लागतात. पैलू हे कारागिराचे काम आहे, निसर्गाचे नव्हे, आणि म्हणून अष्टपैलू म्हणजे चांगला घडवलेला हिरा. आक्षेप घेणाऱ्यांनी जवाहिऱ्याच्या दुकानात जाऊन मोजावे. आजच्या प्रचलित ब्रिलियंट घाटाच्या हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात. घडवलेल्या हिऱ्याला अष्टपैलू म्हणणे म्हणजे त्याचे पन्नास पैलू हरवणे होय. बरोबर आठ पैलू असतात ते न कापलेल्या, जसाच्या तसा खाणीतून आलेल्या हिऱ्याला. मोठ्या क्लबांच्या अकादमीत लहानपणापासून घासूनपुसून तयार झालेल्या खेळाडूंपेक्षा टूटिंगच्या मैदानावरून आलेल्या, आणि ज्याला उजव्या बचावात उभे करावे की आघाडीवर, याचा निर्णय व्हायलाच काही हंगाम गेले अशा खेळाडूला हा शब्द अधिक चपखल बसतो तो यामुळेच. चेल्सीविरुद्धच्या पेनल्टीनेही त्याला बाध येत नाही, कारण न कापलेल्या हिऱ्याचे आठही पैलू सारखे चमकत नाहीत. ते असतात, एवढेच.

पैलूच्या व्युत्पत्तीविषयी आणखी दोन मते अधूनमधून कानावर येतात, त्यांचाही निकाल लावतो. पहिले मत पैलूला ‘ऐल-पैल’ मधल्या पैलाशी जोडते : पलीकडची बाजू ती पैल, म्हणून बाजू म्हणजे पैलू. हे मत ऐकायला गोड आणि मुळात फोल आहे. उर्दू-हिंदीत ‘पहलू’ हे हकारासह रूप आजही नांदते आहे, आणि मराठी बोलीत असा हकार गळून मागे ऐकार उरणे ही नित्याची गोष्ट आहे. पहिल्याचा ‘पैला’ आणि महिन्याचा ‘मैना’ करणाऱ्या आपल्या जिभेने पहलूचा पैलू केला, यात पैलतीराला ओढण्याचे कारण नाही.

दुसरे मत पैलू आणि पैलवान यांना एकत्र बांधते : ज्याच्या बाजू भक्कम, तो पैलवान. हेही सरळ अर्थाने चूक आहे. पहलवान हा शब्द ‘पहलव’ म्हणजे प्राचीन इराणातील पार्थियन लोकांच्या नावावरून आला. आपल्या महाभारतात आणि मनुस्मृतीत ज्यांना पह्लव म्हटले आहे तेच हे. पार्थियन योद्धा तो पहलवान. जुन्या फारसीत या देशाचे नाव ‘पार्थव’ असे होते, आणि त्याचे ‘पहलव’ व्हावे हा त्या भाषेचा ध्वनिनियम आहे. पण थांबा, बरगडीवाचक शब्दाचा ‘पहलू’ झाला तोही याच नियमाने. आता काही विद्वानांनी असे सुचवले आहे की, पार्थव, पारस (म्हणजे पर्शिया) आणि पर्शु या नावांच्या मुळाशी ‘बाजू, कड’ याच अर्थाचा शब्द असावा, म्हणजे हे कडेच्या मुलखातले लोक. पर्शु नावाच्या लढवय्या गणाचा उल्लेख पाणिनीनेही केला आहे. हे सिद्ध झालेले नाही, पण मला ते फार आवडते, कारण ते खरे असेल तर पैलू आणि पैलवान यांचे नाते लोकव्युत्पत्तीवाले सांगतात त्या रीतीने नव्हे, तर अडीच हजार वर्षांहूनही जुन्या एका शब्दातून जुळते. कोल्हापूरच्या वाचकांना याचे नवल वाटू नये. तेथे फुटबॉलचे संघ आजही पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम अशीच नावे लावतात; पैलवानांच्या तालमीतून निघालेल्या फुटबॉलपटूला अष्टपैलू म्हणायला क्रिकेटची परवानगी कशाला हवी?

‘अष्टपैलू’ऐवजी ‘हरहुन्नरी’ सुचवणारेही आहेत. शब्द सुरेख आहे, पण हुन्नर म्हणजे कसब, आणि हरहुन्नरी म्हणजे ज्याला दहा कसबे येतात तो. नाटकात काम करणारा, पेटी वाजवणारा आणि पडदेही रंगवणारा. क्रिकेटवाल्यांनी खरे तर हाच शब्द घ्यायला हवा होता, म्हणजे बॅट आणि बॉल ही दोन कसबे त्यात नीट मावली असती. ‘बहुगुणी’ हा हिरड्यासाठी राहू द्यावा. बगलेतल्या खेळाडूसाठी मात्र मराठीने फारसीतलाच ‘बगल’ हा शब्द आधीच घेतला आहे आणि समोरच्या बचावपटूला चुकवण्यासाठी ‘बगल देणे’ हा वाक्प्रचारही तयार ठेवला आहे. तो कोणी वापरीत नाही, ही वेगळी तक्रार.

वाचकाने वाचलेल्या त्या लेखातील वाक्य असे सुधारावे : ‘टूटिंग अँड मिचम या नॉन-लीग संघातून वर आलेला अष्टपैलू फुटबॉलपटू’. मात्र उजवीकडच्या बगलेतून डावीकडच्या बगलेत गेलेल्या प्रत्येकाला हे विशेषण वाटू नये. बचाव, मधली फळी आणि आघाडी या तिन्ही ठिकाणी ज्याने पुरे हंगाम नाही तरी मोजता येतील इतके सामने काढले आहेत, त्याच्यासाठीच ते जपून ठेवावे. गोलरक्षकाने शेवटच्या मिनिटाला पुढे धावत येऊन डोक्याने गोल केला, तरी तो गोलरक्षकच राहतो.