वाचकांचे प्रश्न : रेस सोडल्यावर नीट न चालणारा चेनसॉ

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमची जुन्या हापूसची बाग आहे. छाटणीसाठी तीन वर्षांपूर्वी पेट्रोलवर चालणारा चेनसॉ घेतला. पावसाळाभर तो टाकीतल्या इंधनासकट पडवीत होता. दसऱ्यानंतर काढला तेव्हा सुरू झाला, पण रेस सोडली की लगेच बंद पडू लागला. गावातल्या मेकॅनिकने एक स्क्रू आवळून दिला. आता यंत्र बंद पडत नाही, मात्र रेस सोडल्यावरही साखळी फिरत राहते. गडी म्हणतात, चालते आहे तर चालू द्या. काय करावे? — एक बागायतदार

उत्तर : सर्वप्रथम या अवस्थेत यंत्राने काम घेणे थांबवावे. रेस सोडल्यावर चेनसॉची साखळी पूर्णपणे स्थिर राहिलीच पाहिजे. इंजिन साधारणपणे मिनिटाला 2500 ते 3000 फेऱ्यांच्या आसपास मंद चालते आणि इंजिनची गती साखळीला जोडणारा क्लच त्याहून बऱ्याच वरच्या वेगाला पकड घेतो. या दोन वेगांमधील अंतर हेच काम करणाऱ्याचे संरक्षण असते. मेकॅनिकने जो स्क्रू आवळला, त्याने मंद वेग वाढून क्लचच्या पकडीपर्यंत पोहोचला. त्यामुळे इंजिन बंद पडेनासे झाले, पण ते बंद का पडत होते हे शोधायचे राहूनच गेले.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा तपशील म्हणजे पडवीत राहिलेली भरलेली टाकी. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. कोकणातील पावसाळ्यात असे इंधन काही महिने पडून राहिले, तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसू शकतात. टाकीतील फिल्टरही तळाशीच असतो, त्यामुळे कार्ब्युरेटरकडे, म्हणजे इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे, नेमका तोच थर ओढला जातो. शिवाय त्यात वंगणाचे ऑइल जवळजवळ नसते. टाकीतले इंधन काचेच्या स्वच्छ बाटलीत ओतून थोडा वेळ स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर किंवा गढूळ थेंब दिसले, तर निदान बरेचसे झाले असे समजावे. थर दिसला नाही, तरी हे इंधन पुन्हा वापरू नये.

टाकी रिकामी करून ताज्या पेट्रोलने विसळावी आणि ताजे मिश्रण भरावे. चांगल्या प्रतीचे टू-स्ट्रोक ऑइल असल्यास बहुतेक उत्पादक 50 ला 1 हे प्रमाण सांगतात, म्हणजे एक लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर. तरीही यंत्राच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. टाकीतील फिल्टर वाकवलेल्या तारेने बाहेर काढून बदलावा आणि त्याच्या नळीला चिरा पडल्या आहेत का, ते पाहावे. एअर फिल्टर स्वच्छ करावा. स्पार्क प्लग काढून त्याचे टोक उजेडात नीट बघावे: फिकट तपकिरी रंग ठीक, काळा आणि ओलसर असेल तर इंधन जास्त होत आहे किंवा एअर फिल्टर चोंदला आहे, पांढुरका असेल तर इंधन कमी पडत आहे किंवा कुठूनतरी जादा हवा आत जात आहे. प्लगमधील अंतर बहुतेक यंत्रांत 0.5 मिलिमीटर असते.

एवढे झाल्यावरच कार्ब्युरेटरच्या स्क्रूंना हात लावावा. सहसा एल हा मंद वेगाच्या इंधनाचा, एच हा पूर्ण वेगाच्या इंधनाचा आणि एलए किंवा टी हा मंद वेग कमी-जास्त करणारा स्क्रू असतो. यंत्र सपाट जमिनीवर, बार (साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी) कशालाही टेकणार नाही असे ठेवून काही मिनिटे गरम होऊ द्यावे. आधी एलए सैल करून साखळी थांबवावी. मग एल सावकाश फिरवत इंजिन सर्वांत जलद आणि एकसारखे चालेल ती जागा शोधावी आणि तेथून तो किंचित डावीकडे, म्हणजे इंधन वाढेल असा ठेवावा. त्यानंतर एलए हळूहळू आवळत न्यावा. साखळी सरकू लागताच मागे घ्यावा आणि ती थांबल्यावर आणखी पाव फेरा सोडावा. रेस एकदम दिल्यावर इंजिन अडखळले, तर एल अगदी थोडा उघडावा. एच मात्र टॅकोमीटरशिवाय, म्हणजे इंजिनच्या फेऱ्या मोजणाऱ्या उपकरणाशिवाय, फिरवू नये. टू-स्ट्रोक इंजिनला वंगण इंधनातूनच मिळते, त्यामुळे तिथे इंधन कमी केले की ऑइलही कमी होते आणि पिस्टन ओरखडून जाम होतो.

तरीही इंजिन स्थिर होत नसेल, तर कार्ब्युरेटरमधील डायफ्रॅम, म्हणजे पातळ लवचिक पडदा, पाहावा. तो मऊ आणि लवचिक हवा; जुन्या इंधनात राहून तो कडक होतो, आणि मग कितीही स्क्रू फिरवले तरी उपयोग होत नाही. दुरुस्तीचा संच आणून डायफ्रॅम आणि गॅस्केट बदलणे हाच उपाय. रेस सोडल्यावर वेग लवकर उतरत नसेल, आपोआप वर-खाली होत असेल किंवा यंत्र कलते केल्यावर बदलत असेल, तर कार्ब्युरेटर आणि सिलिंडरमधील रबरी जोड किंवा क्रँकशाफ्टचे ऑइल सील हवा खेचत असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी यंत्र चालवत राहू नये. दाब आणि निर्वात अशा दोन्ही चाचण्या करू शकणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडेच न्यावे. मंद वेग योग्य असूनही साखळी फिरत असेल, तर दोष क्लचच्या स्प्रिंगमध्ये किंवा ड्रमच्या बेअरिंगमध्ये शोधावा. तो दूर होईपर्यंत हे यंत्र गड्याच्या हाती देऊन त्याला झाडावर चढवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : आमचा चेनसॉ सुरुवातीला छान चालतो, पण थोड्या वेळाने मंद वेगाला गचके खात बंद पडतो. थांबून पुन्हा सुरू केला की तेच. — एक वाचक, आजरा

उत्तर : बंद पडताच टाकीचे झाकण जपून सैल करून पाहावे; मात्र इंजिन तापलेले असताना इंधन सांडू देऊ नये आणि जवळ विडी-काडी नसावी. हवा आत ओढली गेल्याचा सूंऽकन आवाज आला आणि त्यानंतर यंत्र सुरळीत चालले, तर टाकीचा हवा घेणारा व्हेंट भुशाने आणि ऑइलने बुजला आहे. इंधन कमी होईल तशी टाकीत हवा शिरली नाही, की आत निर्वात तयार होऊन कार्ब्युरेटरला इंधन पोहोचत नाही. व्हेंट स्वच्छ करावा किंवा बदलावा. आवाज आला नाही, तर सायलेन्सरच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काजळीने भरली आहे का, ते इंजिन थंड झाल्यावर पाहावे.