चिपचा नंबर जुळत नसेल तर उरलेली रक्कम देऊ नका

तुमची पोस्ट वाचून लगेच लिहायला बसलो. लॅब्रडॉरचं पिल्लू पसंत पडलंय, इसार देऊन झालाय, पण वंशावळीच्या दाखल्यावरचा चिपचा (कातडीखाली बसवलेल्या ओळख-चिपचा) नंबर एक आणि लसीच्या पुस्तकातला दुसराच. ब्रीडर म्हणतोय की ही टायपिंगची चूक आहे, वंशावळीचे दाखले देणारं नोंदणी कार्यालय नंतर दुरुस्त करून देतं, तुम्ही या आठवड्यात बाकीचे पैसे द्या. अगदी हेच मलाही सांगितलं गेलं होतं. कार्यालयाने काहीही दुरुस्त करून दिलं नाही.

लसी, जंताचं औषध, घरी काय तयारी ठेवायची, यावर इथे पुष्कळ लिहिलं गेलंय. ते सगळं सोडून थेट या नंबरावर येतो.

माझ्या कुत्रीच्या दाखल्यावरच्या जन्मतारखेप्रमाणे ती जेमतेम 10 आठवड्यांची असायला हवी होती. व्हेटने तोंड उघडून पाहिलं तर पुढचे कायमचे दात वर आलेले. कुत्र्याचे दुधाचे दात 28 असतात, साधारण 8 आठवड्यांपर्यंत ते सगळे येतात, आणि पुढचे दात बदलायला तिसरा-चौथा महिना उजाडतो. 10 आठवड्यांच्या पिल्लाला कायमचे दात असूच शकत नाहीत. म्हणजे हातातला कागद दुसऱ्याच वेतातल्या पिल्लाचा होता.

कार्यालयात गेलो तेव्हा कळलं ते असं. चिपचा नंबर जुळल्याशिवाय मालकी नावावर होणार नाही. नंबर दुरुस्तीचा अर्ज फक्त नोंदणीकृत मालकाने करायचा. मालकी नावावर झालेली नसल्यामुळे नोंदणीकृत मालक ब्रीडरच. आणि ब्रीडरविरुद्धची तक्रारसुद्धा नोंदणीकृत मालकाचीच घेतली जाते! या खिडकीवरून त्या खिडकीवर, मग ‘साहेब रजेवर आहेत’, मग ‘फाइल वर गेली आहे’. लेखी उत्तराचा फारच आग्रह धरला तेव्हा दोन ओळी मिळाल्या: कार्यालय ब्रीडरने घोषित केलेली माहिती नोंदवतं, तिची शहानिशा करत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी थेट ब्रीडरमागे लागलो असतो. त्यांच्या भरवशावर थांबल्यामुळे ब्रीडरच्या लेखी आरोग्य हमीची मुदत उलटून गेली. तोवर कुत्री मागच्या पायाने लंगडायला लागली होती. एक्स-रे काढला, खुब्याचे दोन्ही सांधे खराब. आई-बापाच्या सांध्यांचे जे उत्तम अहवाल मला दाखवले होते, ते दाखल्यावरच्या आई-बापाचे होते. हिचे आई-बाप कोण हे मला आजही माहीत नाही. हे लिहिताना अजूनही संताप येतो.

म्हणून वंशावळीच्या दाखल्याचं वजन किती, ते आधी नीट ठरवा. बहुतेक ठिकाणी तो ब्रीडरच्या लिहून देण्यावर निघतो. त्यात कुळ कळतं. तब्येत कळत नाही, स्वभाव तर नाहीच. अक्षराला अक्षर खरा दाखला असलेलं पिल्लूही आजारी वंशातलं असू शकतं.

आता करायचं काय? पैसे देण्याआधी पिल्लू स्कॅन करून घ्या, आणि तेही तुमच्या व्हेटकडे, ब्रीडरच्या नव्हे. प्रमाणित चिपचा नंबर 15 अंकी असतो. चिपमध्ये नाव-गाव काही नसतं, फक्त हा आकडा असतो. मालकाची माहिती ज्या नोंदवहीत आहे तिथे ती जुळायला हवी. दाखला, लसीचं पुस्तक आणि स्कॅनर, तिन्हीकडे एकच आकडा दिसला पाहिजे. दिसला नाही तर दुरुस्ती ब्रीडरने आपल्या नावावर असतानाच करून आणायची, आणि मग व्यवहार. प्रामाणिक ब्रीडरला यात अपमान वाटायचं कारण नाही. उलट तोच आधी धावपळ करेल. आरोग्य हमीच्या कागदावरही हाच आकडा लिहून घ्या, आणि हमी वंशावळीच्या कागदांवर अवलंबून नसेल हे त्यात स्पष्ट लिहायला लावा.

आई-बापाचे अहवालही याच नजरेने बघा. लॅब्रडॉरमध्ये खुबा आणि कोपर या दोन्हींचे एक्स-रे हवेत. अमेरिकेतली ओएफए ही संस्था खुब्याचा अंतिम दर्जा 24 महिने पूर्ण झाल्यावरच देते. ब्रिटनच्या पद्धतीत प्रत्येक खुब्याला 0 ते 53 गुण असतात, म्हणजे एकूण 106 पर्यंत, आणि गुण जितके कमी तितका सांधा चांगला. ‘व्हेटने हात लावून बघितलंय, ठीक आहे’ हा अहवाल होत नाही. डोळ्यांच्या पीआरए या आजाराची (यात नजर हळूहळू जाते) डीएनए चाचणी असते. तिच्यात ‘वाहक’ (स्वतः आजारी नाही, पण दोषाचं एक जनुक अंगात आहे) असं आलं म्हणून घाबरू नका. वाहक आणि पूर्ण निर्दोष अशी जोडी असेल तर त्या चाचणीतला आजार पिल्लांमध्ये उतरत नाही. खुब्याचं गणित एवढं सोपं नाही, तिथे अनेक जनुकं एकत्र काम करतात, त्यामुळे चांगल्या आई-बापाच्या पोटीही एखादं पिल्लू बिघडू शकतं. तरीही अहवाल मागायचेच. (जात दुसरी असती तर चाचण्याही बदलल्या असत्या. डाल्मेशियनमध्ये मी आधी श्रवणचाचणी विचारली असती.)

आईला भेटा. फोटोत नाही, व्हिडिओत नाही, पिल्लांसोबत प्रत्यक्ष. बाप दुसरीकडचा असणं साहजिक आहे, पण आई दाखवता येत नसेल तर माझ्या मते तिथून उठावं. अनोळखी माणूस जवळ आल्यावर ती काय करते ते शांतपणे बघत बसा. पिल्लं दूर नेल्याशिवाय तिच्या जवळ जाता येत नाही असं सांगितलं, तर कारण विचारा.

तुमच्या पोस्टमध्ये ‘पूर्ण ट्रेन झालेलं’ असा शब्द आहे. 8 आठवड्यांचं पिल्लू पूर्ण ट्रेन झालेलं नसतं, कोणी काहीही सांगो. मात्र चांगला ब्रीडर बरंच काही सुरू करून देतो: झोपायची जागा आणि शी-शूची जागा वेगळी ठेवणं, रोज हाताळणं, पंजे नि कान बघू देणं, वेगवेगळ्या जमिनी, भांड्यांचे आवाज. दात किती जोरात लावायचे हे पिल्लू आई-भावंडांकडून शिकतं, म्हणून लवकर तोडलेलं पिल्लू मी घेणार नाही. कुत्र्यांच्या वागण्याचे अभ्यासक जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांच्या कामापासून साधारण 3 ते 12 आठवड्यांचा काळ माणसांशी, जगाशी जुळवून घेण्याचा मानला जातो. त्यातला मोठा भाग ब्रीडरच्या घरी जातो. तेव्हा ‘बसायला शिकवलंय का’ यापेक्षा ‘या आठवड्यांत पिल्लं दिवसभर कुठे होती, कोणाला भेटली’ हे विचारा. पाच-सहा महिन्यांचं शिकवलेलं पिल्लू कोणी देत असेल, तर ते त्याच्या रोजच्या अंगणाबाहेर, तुमच्या हातात दोरी देऊन काम करतं का ते बघा.

थोडं विषयांतर, पण लॅब्रडॉर आहे म्हणून सांगतोच: वाढत्या वयात जाड होऊ देऊ नका. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात 48 लॅब्रडॉर होते. जोडी लावलेल्या भावंडापेक्षा 25 टक्के कमी खाणं मिळालेले सरासरी जवळपास 2 वर्षं जास्त जगले आणि त्यांना सांधेदुखीही उशिरा लागली. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. माझ्या कुत्रीला सगळ्यात जास्त आराम वजन आटोक्यात ठेवल्यानेच मिळाला, औषधं त्यानंतर.

मी व्हेट नाही, वकीलही नाही. नोंदणीचे नियम जागोजागी वेगळे असतात आणि तुमचं कार्यालय कदाचित माझ्यापेक्षा बरं निघेल. तरी त्यांच्याशी जे बोलाल ते ईमेलवर बोला आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्या. इसार परत मिळेल का, हे पावतीवर काय लिहिलंय त्यावर ठरेल. पावतीतला मजकूर इथे टाकलात तर अनुभवी मंडळी सांगतील.

स्कॅन झालं की काय निघालं ते जरूर कळवा. फक्त चिपचा पूर्ण आकडा इथे लिहू नका, शेवटचे 4 अंक पुरेत. पिल्लू तुमच्या नावावर नोंदलेलं नसताना तो आकडा दुसऱ्या कोणाच्या हाती लागायला नको.